अनिश्चित बाजारात पोर्टफोलिओ: काय विकावे, काय राखावे आणि कोणत्या क्रमाने

आपण दिलेली माहिती आधी थोडक्यात मांडतो, कारण पुढचे सर्व उत्तर तिच्यावरच उभे आहे. आपले वय ४६ असून नाशिकमध्ये खासगी कंपनीत नोकरी आहे. आपल्याकडे आजच्या भावाने २४ लाख रुपयांचे शेअर आहेत आणि ते ३४ कंपन्यांत विखुरलेले आहेत. त्यांपैकी ७ लाख एकाच खासगी बँकेत आणि ५ लाख इतर बँका व वित्त कंपन्यांत आहेत. २०२४ च्या तेजीत घेतलेल्या ११ लहान कंपन्यांत ४ लाख ८० हजार गुंतले होते आणि त्यांचे आज २ लाख ९० हजार उरले आहेत. ब्रोकरच्या मार्जिन सुविधेवर, म्हणजे शेअर घेण्यासाठी त्याने दिलेल्या कर्जातून, २ लाख ४० हजारांची उधारी असून तिचे व्याज वर्षाला १५ टक्के आहे. मुलीच्या अभियांत्रिकी शिक्षणासाठी येत्या दोन वर्षांत ६ लाख लागतील. भविष्य निर्वाह निधीत १८ लाख आहेत, बचत खात्यात दीड लाख आहेत, घरखर्च महिन्याला ५५ हजार आहे आणि निर्देशांक फंडात (निफ्टीसारख्या निर्देशांकातील कंपन्यांत त्याच प्रमाणात पैसे गुंतवणाऱ्या म्युच्युअल फंडात) १५ हजारांची एसआयपी, म्हणजे दरमहा ठरलेली गुंतवणूक, चालू आहे. बाजार कुठे जाईल याचा भरवसा नसताना सगळे विकून मुदत ठेव करावी, की पडलेल्या शेअरमध्ये आणखी घेऊन खरेदीची सरासरी किंमत खाली आणावी, आणि एसआयपी थांबवावी का, असे आपण विचारले आहे.

सर्व विकू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. मात्र जे विकायला हवे ते पुढील तेजीची वाट न पाहता विकावे. बाजार सहा महिन्यांनी कुठे असेल हे मी सांगू शकत नाही, आणि या व्यवसायात दीर्घकाळ राहिल्यानंतर ते सांगू शकणारा माणूसही मला भेटलेला नाही. पण आपल्या २४ लाखांपैकी कोणता पैसा कधी लागणार आहे आणि कोणत्या एका कंपनीच्या संकटाने आपले किती नुकसान होऊ शकते, ही दोन उत्तरे आपल्याच कागदपत्रांत आहेत. अनिश्चित काळातले सर्व व्यवस्थापन या दोन उत्तरांवरूनच ठरते.

पहिला प्रश्न वेळेचा आहे. जानेवारी २००८ मध्ये सेन्सेक्स २१,००० च्या वर गेला आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये तो ८,००० च्या खाली उतरला. नोव्हेंबर २०१० च्या दिवाळीत तो पुन्हा २१,००० ला टेकला, पण २०११ च्या अखेरीस परत १५ ते १६ हजारांवर होता, आणि ती पातळी कायमची मागे टाकायला २०१३ चे अखेरचे महिने उजाडले. याउलट मार्च २०२० मधील घसरण एवढी तीव्र होती की २३ तारखेला एका दिवसात निर्देशांक १३ टक्के कोसळला, तरीही त्याच वर्षीच्या नोव्हेंबरपर्यंत निफ्टीने जानेवारीतील उच्चांक परत गाठला होता. म्हणजे एका पडझडीतून सावरायला जवळजवळ सहा वर्षे लागली आणि दुसरीतून नऊ-दहा महिने. पडझड चालू असताना ती यांपैकी कोणत्या प्रकारची आहे हे कोणालाही कळत नाही. शिवाय ‘दीर्घकाळात बाजार वर जातोच’ हे वाक्य आपण भारताच्या अनुभवावरून म्हणतो, पण जपानच्या निक्केई निर्देशांकाने डिसेंबर १९८९ मध्ये गाठलेला उच्चांक ओलांडायला फेब्रुवारी २०२४ उजाडावा लागला, हेही ध्यानात असू द्यावे. भारताचे तसे होईल असे मला मुळीच वाटत नाही. पण मुलीच्या प्रवेशाची तारीख महाविद्यालय ठरवते आणि बाजार त्या तारखेसाठी थांबत नाही, एवढे यातून निश्चित कळते.

म्हणून तीन वर्षांच्या आत लागणारा पैसा शेअरमध्ये असू नये, हा नियम मी सर्वांना सांगतो आणि त्याला अपवाद करत नाही. आपले ६ लाख आजच त्या दृष्टीने वेगळे काढायला हवेत. ते निघाल्यावर बाजार ३० टक्क्यांनी वाढला तर हळहळ वाटेल, हे मी जाणतो. पण तोच बाजार ३० टक्क्यांनी घसरला तर ऐन प्रवेशाच्या महिन्यात शैक्षणिक कर्ज काढावे लागेल किंवा चांगले शेअर पडत्या भावाने विकावे लागतील, आणि हे दुसरे नुकसान पहिल्यापेक्षा फार मोठे आहे.

हा पैसा कुठे ठेवावा याविषयी एक सावधगिरीची सूचना देणे मला आवश्यक वाटते, कारण बाजारातून घाबरून निघालेला पैसा आपल्याकडे बरेचदा जादा व्याजाच्या शोधात पतसंस्थेत जातो. बँकेतील ठेवींना ठेव विमा महामंडळाचे संरक्षण आहे. फेब्रुवारी २०२० पासून त्याची मर्यादा प्रत्येक बँकेत प्रत्येक ठेवीदारामागे, मुद्दल आणि व्याज मिळून, ५ लाख रुपये आहे. सहकारी बँकांनाही हे संरक्षण लागू आहे, पण पतसंस्थांना ते नाही. सप्टेंबर २०१९ मध्ये पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेवर निर्बंध आले तेव्हा ठेवीदारांना आपल्याच पैशासाठी किती तिष्ठावे लागले, हे महाराष्ट्राने पाहिले आहे. आपले ६ लाख दोन वेगवेगळ्या सक्षम बँकांत, शुल्काच्या तारखांच्या थोड्या आधी मुदत संपेल अशा रीतीने, तीन-चार ठेवींत विभागावेत. येथे अर्ध्या टक्क्याच्या जादा व्याजासाठी धावू नये.

उधारीविषयी फार लिहिण्याची गरज नाही. मार्जिन सुविधेवर घेतलेले शेअर ब्रोकरकडे तारण असतात. भाव पडून मार्जिन कमी पडले आणि आपण वेळेत भरणा केला नाही, तर ब्रोकर ते विकू शकतो, आणि हे नेमके त्याच दिवशी घडते ज्या दिवशी विकणे सर्वांत महाग पडते. शेअरमध्ये सामान्य गुंतवणूकदाराजवळ मोठ्या संस्थांपेक्षा एकच गोष्ट अधिक असते आणि ती म्हणजे थांबण्याची मुभा. उधारी घेतली की ती मुभा गेली. त्यातून वर्षाला ३६ हजार रुपये व्याज जाते ते वेगळेच. ही २ लाख ४० हजारांची रक्कम सर्वांत आधी फेडावी. फ्युचर्स आणि ऑप्शन्समधून, म्हणजे शेअरच्या पुढील भावावर बेतलेल्या करारांतून, ‘तोटा भरून काढावा’ असा विचार मनात येत असेल, तर शेअर बाजाराची नियामक संस्था सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास नजरेखालून घालावा. २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन आर्थिक वर्षांत या व्यवहारांत उतरलेल्या वैयक्तिक गुंतवणूकदारांपैकी ९३ टक्के लोकांना तोटा झाला आणि त्यांचा एकत्रित तोटा १ लाख ८० हजार कोटींहून अधिक होता. याहून निराळा सल्ला देण्यास मला जागा उरत नाही.

आता दुसऱ्या प्रश्नाकडे, म्हणजे एका कंपनीत किती असावे याकडे वळतो. आपल्या पोर्टफोलिओतील सर्वांत मोठा धोका ११ लहान कंपन्यांत आहे असे आपण मानता, कारण तोटा तेथे लाल अक्षरांत दिसतो. माझ्या मते तो त्या ७ लाखांच्या बँकेत आहे, आणि तेथे नफा दिसत असल्यामुळे आपले लक्ष तिकडे जात नाही. एका कंपनीत २९ टक्के आणि एका क्षेत्रात ५० टक्के, ही रचना कोणी विचारपूर्वक केलेली नसते. एक शेअर वाढत गेला, इतर वाढले नाहीत, आणि ती आपोआप तयार झाली. ११ मार्च २०२५ रोजी इंडसइंड बँकेचा शेअर एका दिवसात २७ टक्के कोसळला, कारण आदल्या दिवशी बँकेने डेरिव्हेटिव्ह (इतर मालमत्तेच्या भावावर बेतलेल्या) व्यवहारांच्या हिशेबातील तफावत जाहीर केली होती. ती निफ्टीतील बँक होती, अनेक म्युच्युअल फंडांकडे तिचे शेअर होते, आणि आदल्या आठवड्यात ती विकत घेणारे सर्वजण अविचारी नव्हते. आपल्या बँकेबाबत असे काही घडले, तर एका दिवसात १ लाख ८९ हजार रुपये, म्हणजे सर्व पोर्टफोलिओच्या आठ टक्के, गेलेले असतील. असे होईल असे मी म्हणत नाही. पण ते होणार असेल तर आपल्याला आधी कळणार नाही, हे मात्र खात्रीने सांगतो.

अभ्यास केला की हा धोका टळतो, असे अनेकांना वाटते. अभ्यास अवश्य करावा. कंपनीवर कर्ज किती आहे, व्याज भागवून नफा किती पट उरतो, पाच वर्षांचा निव्वळ नफा आणि व्यवसायातून प्रत्यक्ष आलेली रोकड यांत मोठी तफावत आहे का, प्रवर्तकांनी, म्हणजे कंपनीवर ताबा असलेल्या मुख्य मालकांनी, आपले शेअर गहाण ठेवले आहेत का, लेखापरीक्षक मुदतीआधी सोडून गेले आहेत का, हे प्रत्येक शेअरसाठी पाहावे. शेअरधारणेचा तपशील कंपन्यांना दर तिमाहीनंतर २१ दिवसांत शेअर बाजाराकडे द्यावा लागतो आणि तो कोणालाही विनामूल्य पाहता येतो. बँका आणि वित्त कंपन्यांना रोकडीचा हा निकष तसाच लावता येत नाही, कारण कर्ज देणे हाच त्यांचा व्यवसाय आहे. तेथे थकीत कर्जांचे प्रमाण, त्यांसाठी केलेली तरतूद आणि भांडवल पर्याप्तता, म्हणजे तोटा सोसण्याइतके स्वतःचे भांडवल आहे का, हे पाहावे. पण ७ जानेवारी २००९ रोजी सत्यम या सॉफ्टवेअर कंपनीच्या अध्यक्षांनीच पत्र लिहून कबूल केले की कंपनीच्या ताळेबंदात रोकड आणि बँकेतील शिल्लक म्हणून दाखवलेल्या रकमेपैकी ५,०४० कोटी रुपये अस्तित्वातच नाहीत, आणि त्या दिवशी शेअर जवळजवळ चार-पंचमांशाने कोसळला. ताळेबंदच खोटा असेल तर ताळेबंद वाचणाऱ्याला वाचवणारी एकच गोष्ट असते, ती म्हणजे त्या कंपनीत त्याने मुळात किती पैसा ठेवला होता.

आपल्यासारख्या नोकरी करणाऱ्या आणि अभ्यासाला आठवड्यातून काही तास देऊ शकणाऱ्या व्यक्तीने एका कंपनीत साधारण १० टक्के आणि एका क्षेत्रात २५ ते ३० टक्के यांपेक्षा अधिक ठेवू नये, असे मी सुचवतो. निफ्टी ५० मध्येच वित्तीय क्षेत्राचा वाटा सुमारे एक-तृतीयांश आहे. त्यामुळे निर्देशांक फंडातील एसआयपीतूनही आपण पुन्हा बँकाच घेत आहात, हे मोजताना विसरू नये. कंपन्यांची संख्या १२ ते १८ पुरेशी आहे. ३४ कंपन्यांचे तिमाही निकाल नोकरी सांभाळून वाचता येत नाहीत, आणि न वाचलेले शेअर बाळगणे म्हणजे निर्देशांक फंडाचेच काम अधिक खर्चात आणि कमी शिस्तीत करणे होय.

स्टॉप लॉस, म्हणजे भाव ठरावीक पातळीला उतरताच विकण्याची आधी दिलेली ऑर्डर, लावला की काम झाले, असा समज असेल तर तोही तपासून घ्यावा. लहान कंपन्यांच्या शेअरना दिवसाच्या चढउतारावर २, ५, १० किंवा २० टक्क्यांची मर्यादा असते. वाईट बातमी आली की भाव खालच्या मर्यादेला टेकतो, तेथे फक्त विकणारे उभे असतात आणि आपली ऑर्डर दिवसभर तशीच पडून राहते. मोठ्या शेअरमध्ये बातमी बाजार बंद असताना येते आणि दुसऱ्या दिवशीचा पहिला भावच आपल्या स्टॉप लॉसच्या बराच खाली असतो. सप्टेंबर २०१८ मध्ये डीएचएफएल या गृहकर्ज कंपनीचा शेअर एकाच सत्रात ४० टक्क्यांहून अधिक पडला तेव्हा कागदावरचा स्टॉप लॉस ठरलेल्या भावाला मिळालाच असेल, असे मानता येत नाही. पुढे त्या कंपनीच्या दिवाळखोरी निराकरणात २०२१ मध्ये सामान्य भागधारकांच्या शेअरचे मूल्य शून्य धरले गेले आणि ते बाजारातून काढून टाकण्यात आले. स्टॉप लॉस निरुपयोगी आहे असे मी म्हणत नाही, पण मर्यादित गुंतवणुकीची जागा तो घेऊ शकत नाही.

यावरून सरासरी खाली आणण्याचा आपला प्रश्न आला. हा विषय मी जरा सविस्तर मांडतो, कारण सामान्य गुंतवणूकदाराच्या मोठ्या नुकसानामागे मला हीच सवय वारंवार दिसली आहे. येस बँकेचा शेअर ऑगस्ट २०१८ मध्ये ४०० रुपयांच्या आसपास होता. समजा एखाद्याने तेथे ४० हजारांचे १०० शेअर घेतले, भाव २०० झाल्यावर आणखी ४० हजारांचे २००, तो १०० झाल्यावर ४०० आणि ५० झाल्यावर ८०० घेतले. त्याची सरासरी ४०० वरून १०७ पर्यंत खाली आली आणि प्रत्येक खरेदीच्या वेळी आता थोडासा भाव वाढला तरी सुटका होईल असे त्याला वाटत गेले. ५ मार्च २०२० रोजी रिझर्व्ह बँकेने त्या बँकेवर निर्बंध घातले आणि दुसऱ्या दिवशी भाव १६ रुपयांवर आला. त्याचे १ लाख ६० हजार रुपये २४ हजार झाले. त्याने पहिल्या खरेदीनंतर काहीच केले नसते, तर त्याचे नुकसान ४० हजारांच्या आतच राहिले असते. पुढे पुनर्रचनेत १०० पेक्षा अधिक शेअर असणाऱ्या भागधारकांचे ७५ टक्के शेअर तीन वर्षांसाठी गोठवले गेले, म्हणजे सरासरी खाली आणताना वाढवलेली शेअरची संख्याच त्याच्या आड आली.

त्याच सुमारास आयटीसीचा शेअरही अर्ध्याहून अधिक घसरला होता. जुलै २०१७ मध्ये तो ३५० रुपयांच्या आसपास होता आणि मार्च २०२० मध्ये १५० च्या खाली गेला. पण त्या संपूर्ण काळात कंपनीवर कर्जाचा बोजा नव्हता, सिगारेटच्या व्यवसायातून रोकड येत होती आणि लाभांश थांबला नव्हता. बाजाराने त्या कंपनीला दिलेली किंमत उतरली होती, पण कंपनीची कमावण्याची शक्ती तशीच होती. २०२३ मध्ये तो शेअर ४०० च्या वर गेला. भावाचा आलेख पाहून या दोन कंपन्यांतील फरक कळला नसता, कारण दोन्ही आलेख खालीच जात होते. येस बँकेत थकीत कर्जांविषयी शंका होती, नेतृत्वाच्या मुदतवाढीला रिझर्व्ह बँकेने नकार दिला होता आणि भांडवल उभारणी लांबत होती. ही सर्व माहिती वर्तमानपत्रांत येत होती.

म्हणून पडलेल्या प्रत्येक शेअरसाठी एकच कसोटी लावावी. आज हा शेअर माझ्याकडे नसता आणि हातात रोख पैसे असते, तर या भावाला मी तो घेतला असता का? खरेदीचा भाव काय होता, याला या प्रश्नात स्थान नाही, कारण कंपनीला आणि बाजाराला तो ठाऊक नसतो. उत्तर ‘होय’ असेल आणि १० टक्क्यांची मर्यादा ओलांडली जात नसेल, तर भर घालण्यास हरकत नाही. उत्तर ‘नाही’ असेल तर तो विकावा. ‘भाव परत आला की विकेन’ हे उत्तर ‘नाही’ यातच मोजावे. आपल्या ११ कंपन्यांना मुद्दलापर्यंत पोहोचायला ६५ टक्क्यांहून अधिक वाढावे लागेल, आणि ते त्याच कंपन्यांतून भरून यावे असा कोणताही नियम नाही. जानेवारी २०१८ ते मार्च २०२० या काळात लहान कंपन्यांचा निर्देशांक जवळजवळ दोन-तृतीयांशाने घसरला होता. पुढच्या तेजीत निर्देशांक नव्या उच्चांकावर गेला, पण त्यातील कित्येक कंपन्या जुन्या भावाला कधीच परतल्या नाहीत, कारण सक्षम कंपन्या निर्देशांकात येत राहतात आणि दुबळ्या बाहेर पडतात. आपल्या हातातील यादी मात्र आपण स्वतः बदलल्याशिवाय बदलत नाही.

या कंपन्यांची नावे आपण दिलेली नाहीत. पण त्या ओळखीच्यांच्या सांगण्यावरून आणि मोबाइलवर आलेल्या टिपांवरून घेतल्या, असे आपणच लिहिले आहे, त्यामुळे या कसोटीवर दोन-तीनच टिकतील असा माझा अंदाज आहे. यापुढे कोणाचाही सल्ला घेताना त्याची नोंदणी सेबीच्या संकेतस्थळावर स्वतः तपासून घ्यावी, आणि निश्चित परताव्याचे आश्वासन देणाऱ्याशी बोलणे तेथेच थांबवावे.

आता करांचा हिशेब पाहू, कारण आपल्या बाबतीत तो अनुकूल बसतो. २३ जुलै २०२४ पासून शेअरवरील दीर्घकालीन भांडवली नफ्यावर, म्हणजे बारा महिन्यांहून अधिक काळ राखलेल्या शेअरच्या नफ्यावर, वर्षाला सव्वा लाख वगळून १२.५ टक्के आणि अल्पकालीन नफ्यावर २० टक्के कर आहे. अल्पकालीन तोटा दोन्ही प्रकारच्या नफ्यातून वजा होतो, तर दीर्घकालीन तोटा केवळ दीर्घकालीन नफ्यातून. उरलेला तोटा पुढील आठ वर्षे नेता येतो, पण त्यासाठी विवरणपत्र मुदतीत भरावे लागते. आपला बँकेचा शेअर २०२० च्या उन्हाळ्यात घेतलेला असून त्याची खरेदी किंमत आजच्या भावाच्या साधारण ४० टक्के आहे. त्यातील ५ लाखांचे शेअर विकल्यास ३ लाखांचा नफा दिसेल आणि एकट्या त्या विक्रीवर, उपकर धरून, २२,७५० रुपये कर येईल. त्याच आर्थिक वर्षात लहान कंपन्यांतील १ लाख ९० हजारांचा तोटा नोंदवला, तर निव्वळ नफा १ लाख १० हजार उरतो. तो सव्वा लाखाच्या आत असल्याने भांडवली नफ्यावर काहीच कर लागत नाही. दोन-तीन बऱ्या कंपन्या राखल्या तरी कर किरकोळच येईल. एक गोष्ट मात्र जपावी. चालू वर्षाचा तोटा आधी वजा होतो आणि सव्वा लाखाची सूट नंतर लागते, त्यामुळे नफ्याची विक्री एका वर्षात आणि तोट्याची दुसऱ्या वर्षात अशी फारकत झाली तर हा मेळ बिघडतो. दोन्ही विक्री ३१ मार्चपूर्वी एकाच वर्षात कराव्यात आणि आकडे आपल्या करसल्लागाराकडून एकदा पडताळून घ्यावेत.

या दोन विक्रींतून ७ लाख ९० हजार हाती येतील. उधारीचे २ लाख ४० हजार आणि शिक्षणाचे ६ लाख मिळून ८ लाख ४० हजार लागतात. कमी पडणारे ५० हजार आपल्या यादीतील पंधरा-वीस हजारांच्या तुकड्यांतून काढावेत, म्हणजे कंपन्यांची संख्याही घटेल. मागे १५ लाख ६० हजारांचे शेअर उरतील. त्यात बँकेचा वाटा २ लाख, म्हणजे सुमारे १३ टक्के असेल. तो माझ्या मर्यादेहून थोडा अधिक आहे, पण नवी भर घातली नाही तर वर्षभरात आपोआप खाली येईल. वित्तीय क्षेत्र मात्र अजूनही ४५ टक्के राहील. इतर ५ लाखांच्या वित्त कंपन्यांना वरचीच कसोटी लावून सर्वांत दुबळ्या एक-दोन पुढील आर्थिक वर्षात विकाव्यात आणि तो पैसा औषध, ग्राहकोपयोगी वस्तू किंवा अभियांत्रिकी अशा वेगळ्या कारणांनी चालणाऱ्या व्यवसायांत हळूहळू वळवावा.

उरलेले १५ लाख ६० हजार विकू नयेत असे मी म्हणतो, त्याचे कारण आपल्या भविष्य निर्वाह निधीत आहे. त्यातील १८ लाख ही मुदत ठेवीहून चांगले व्याज देणारी सुरक्षित गुंतवणूकच आहे. २०२३-२४ आणि २०२४-२५ या दोन्ही वर्षांसाठी तिचा दर ८.२५ टक्के होता. दोन्ही मिळून आपली दीर्घकालीन पुंजी ३३ लाख ६० हजार होते आणि तीत शेअरचा वाटा ४६ टक्के येतो. निवृत्तीला बारा-चौदा वर्षे असलेल्या व्यक्तीसाठी हे प्रमाण धाडसाचे नाही. हा भाग एका वाईट वर्षात तिसऱ्या हिश्श्याने घसरला, तरी एकूण पुंजीत १५ टक्क्यांची घट दिसेल आणि मुलीचे शिक्षण किंवा घरखर्च यांपैकी काहीही अडणार नाही. एवढे सहन करता येत असेल तर बाहेर पडण्याचे कारण उरत नाही, आणि बाहेर पडण्याची किंमत मोठी असते. १८ मे २००९ रोजी निवडणूक निकालांनंतर बाजार उघडताच वरच्या सर्किटला, म्हणजे व्यवहार थांबवले जाण्याच्या मर्यादेला, लागला आणि प्रत्यक्ष व्यवहाराच्या काही क्षणांत सेन्सेक्स १७ टक्क्यांहून अधिक वाढून त्या दिवसापुरता बंद झाला. ‘निकाल लागू द्या, मग पाहू’ म्हणणाऱ्यांना आत शिरायला वेळच मिळाला नाही. ४ जून २०२४ रोजी उलट घडले. सेन्सेक्स सुमारे ४,४०० अंशांनी कोसळला, आणि त्याच आठवड्याच्या शुक्रवारी तो नव्या उच्चांकावर बंद झाला. सप्टेंबर २०२४ मध्ये २६,२७७ पर्यंत गेलेला निफ्टी एप्रिल २०२५ मध्ये अमेरिकेच्या आयातशुल्कांच्या घोषणेनंतर २१,७४३ पर्यंत उतरला, म्हणजे १७ टक्के खाली आला. या काळात परदेशी गुंतवणूकदार मोठ्या प्रमाणावर विकत होते आणि दुसरीकडे देशातील फंडांकडे एसआयपीचा पैसा दरमहा येत होता. अशा दिवसांत रोज भाव पाहून घेतलेला निर्णय बहुधा आदल्या दिवशीच्या बातमीवरचा असतो. वर्षातून दोनदा, मे अखेरीस वार्षिक निकाल आल्यावर आणि नोव्हेंबरच्या मध्यास सहामाही निकाल आल्यावर, पूर्ण यादी घेऊन बसावे. शेअरचा वाटा ४६ वरून पाच-सहा टक्क्यांहून अधिक हलला असेल, तर तो आधी नव्या बचतीची दिशा बदलून सावरावा आणि विक्रीचा मार्ग त्यानंतरच घ्यावा, कारण नव्या पैशावर भांडवली नफ्याचा कर नसतो.

एसआयपी बंद करू नये, पण तिची रक्कम काही काळ बदलावी असे मी सुचवतो. आपला घरखर्च ५५ हजार असल्याने सहा महिन्यांचे ३ लाख ३० हजार हाताशी हवेत, आणि आहेत दीड लाख. खासगी नोकरी आणि मंदी यांचा संबंध जवळचा असतो. शेअर पडलेले असतात त्याच सुमारास नोकरीही धोक्यात येऊ शकते, आणि तेव्हा ही रक्कम नसेल तर वर मांडलेला सर्व हिशेब पहिल्याच महिन्यात मोडतो. १५ हजारांपैकी ८ हजार निर्देशांक फंडात चालू ठेवावेत. उरलेले ७ हजार आणि उधारी फिटल्यामुळे व्याजाचे वाचणारे महिना ३ हजार मिळून १० हजार आवर्ती ठेवीत टाकावेत. दीड वर्षात कमी असलेले १ लाख ८० हजार पूर्ण होतील आणि मग एसआयपी पुन्हा १५ हजारांवर न्यावी.

कामाचा क्रम असा ठेवावा. या आठवड्यात बँकेच्या शेअरचा पहिला हिस्सा विकून उधारी शून्यावर आणावी आणि ती सुविधा खात्यातून बंद करून घ्यावी. सध्या विक्रीचा व्यवहार लगेच पुढच्या कामकाजाच्या दिवशी पूर्ण होतो, त्यामुळे पैशासाठी थांबावे लागत नाही. पुढील दोन-तीन आठवड्यांत लहान कंपन्या कसोटीला लावाव्यात, विकायच्या त्या विकाव्यात आणि शिक्षणाच्या ठेवी कराव्यात. उरलेल्या प्रत्येक शेअरपुढे तो का राखला आहे आणि काय घडल्यास विकायचा, हे वहीत दोन-तीन ओळींत लिहावे. ज्या शेअरपुढे या ओळी लिहिता येणार नाहीत, तो विक्रीच्या यादीत घालावा. डीमॅट खात्यावर नामनिर्देशन केलेले आहे का, हे त्याच बैठकीत पाहून घ्यावे आणि ती वही व दर महिन्याचे एकत्रित खाते-विवरण कुठे असते, हे घरात पत्नीला दाखवून ठेवावे.